भाड्याच्या घराची दुरुस्ती मालकाकडून कशी करून घ्यायची: कोल्हापूरच्या भाडेकरूंसाठी

सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे: छत गळू दे, भिंतींना ओल येऊ दे, संडास तुंबू दे, पण भाडं थांबवू नका. शुक्रवार पेठेतला वाडा असो, राजारामपुरीतला वन बीएचके असो, नाहीतर विद्यापीठाजवळची कॉट बेसिसवरची खोली, वाद पेटला की पहिला राग भाड्यावरच निघतो. "दुरुस्ती करत नाहीत ना? मग भाडंही विसरा म्हणावं." ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण भाडं थांबलं की तुमची गळती बाजूला पडते आणि चर्चा तुमच्या थकबाकीची सुरू होते. मालकाच्या वकिलाला याहून सोपं काम दुसरं नाही.

इंटरनेटवर वाचून अनेक जण उलटा सल्ला देतात. तो बहुतेक अमेरिकेतला असतो. तिथे १९७० साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जाव्हिन्स खटल्यात ठरवलं की राहण्याच्या घराच्या भाडेकरारात घर राहण्याजोगं ठेवण्याची हमी गृहीतच असते, आणि ती मालकाने मोडली तर भाडेकरूवरचं भाड्याचं बंधनही सैल होतं. आपल्याकडे अशी सरसकट हमी नाही. आपल्याकडे आहे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याचं कलम १४ दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतं. कलम लहान आहे, पण नीट वापरलं तर कामाचं आहे.

आधी कागद काढा

कपाटातला करार काढा आणि त्याचं नाव वाचा. तुम्ही 'भाडेकरू' आहात की 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीवर, राहता, यावर तुमचे हक्क बदलतात.

पेठांमध्ये वडिलांच्या, आजोबांच्या काळापासून राहणारी कुटुंबं बहुतेक भाडेकरू असतात. त्यांना कलम १४ थेट लागू होतं. मालकाने घर चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवलंच पाहिजे, असं हे कलम म्हणतं. त्यात एकच पळवाट आहे: भाडेकरूने करारात याच्या उलट कबूल केलेलं नसावं. "सर्व दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी" अशी ओळ तुमच्या करारात असेल तर तुमची बाजू तिथेच लंगडी पडते. म्हणून सही करण्याआधी ही ओळ शोधा आणि निदान छत, भिंती, ड्रेनेज आणि मुख्य वायरिंग तिच्यातून बाहेर काढून घ्या.

अलीकडे घर घेतलेले बहुतेक जण लिव्ह अँड लायसन्सवर असतात. कलम १४ मधला खर्च भाड्यातून वळता करण्याचा हक्क 'भाडेकरू'साठी लिहिलेला आहे, त्यामुळे अशा घरात करारात काय लिहिलंय यालाच वजन येतं. पण म्हणून मालक पूर्ण मोकळा सुटत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ प्रमाणे, जागेत धोकादायक दोष असेल आणि तो मालकाला माहीत असून तुम्हाला माहीत नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. कलम ५८ प्रमाणे तुम्ही राहत असताना जागा धोकादायक होईल असं काही त्याने करायचं नाही. सज्जाच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत हे माहीत असताना वर पीओपी मारून खोली दिली, तर कलम ५७ आठवा.

करार नोंदणीकृत नसेल तर घाबरू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे' हा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क धरूनही हा खर्च दोघांत वाटून घेण्याइतका लहान आहे.

'फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट' हेही ऐकायला मिळतं. ते २०२१ च्या केंद्राच्या नमुना कायद्यातलं आहे. नमुना कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, तेव्हा त्याच्या जोरावर भांडायला जाऊ नका.

घर घेण्याआधी

घर शक्यतो पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्यावर लगेच बघा. मे महिन्यात रंगवलेल्या भिंतीवरून काहीच कळत नाही. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीपासून हातभर उंचीवर पोपडे आहेत का, कपाटामागे काळी बुरशी आहे का, मोरीच्या मागच्या भिंतीला हात लावल्यावर गार ओल लागते का, हे बघा. कौलारू घर असेल तर तुळईची भिंतीत शिरणारी टोकं बघा. लाकूड तिथेच आधी कुजतं. मीटरच्या बोर्डावर अर्थिंग आहे का, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवलाय का, हे वायरमनकडून दहा मिनिटांत कळतं.

आणि कोल्हापुरात एक प्रश्न विचारल्याशिवाय टोकन द्यायचंच नाही: २०१९ ला आणि २०२१ ला इथे पुराचं पाणी आलं होतं का, आणि कुठपर्यंत? मालक आठवत नाही म्हणाले तर शेजारच्या दुकानदाराला विचारा. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्कचा सखल भाग, रमणमळा, व्हीनस कॉर्नर इथे लोक भिंतीवर हात ठेवून पाण्याची पातळी दाखवतात. घर ज्या वापरासाठी घेताय त्याला बाधा आणणारा, साध्या पाहणीत न दिसणारा दोष मालकाला माहीत असेल तर तो सांगणं हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. विचारल्याचा आणि उत्तराचा एक व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा.

ताबा घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, नळ सोडून, बटणं लावून, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. पुढे डिपॉझिटमधून 'भिंती खराब केल्या' म्हणून पैसे कापायला निघाले, तर हाच व्हिडिओ उपयोगी पडतो.

कुठली दुरुस्ती कुणाची

कायद्यात यादी नाही. व्यवहारात मात्र विभागणी बरीच स्पष्ट आहे. छत, स्लॅब, कौलं, भिंती, जिना, पाण्याची टाकी, मुख्य पाइप, ड्रेनेज, सेप्टिक टँक, मीटरपासून पुढचं जुनं वायरिंग ही मालकाची. बल्ब, नळाचा वॉशर, तुमच्याकडून फुटलेली काच, तुमच्या वापराने तुंबलेली मोरी ही तुमची. घराची नेहमीच्या वापराने होणारी झीज तुमच्या माथी मारता येत नाही.

अपार्टमेंटमध्ये वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी येत असेल तर वरच्यांशी भांडण्यात तुमची शक्ती जाईल. सोसायटीचा सभासद तुमचा मालक आहे. सोसायटीकडे लेखी तक्रार त्यानेच करायची असते. तुम्ही नोटीस मालकाला द्या.

नोटीस: सगळ्यात महत्त्वाचा टप्पा

आपल्याकडे मालकाशी नातं अनेकदा घरचं असतं. खाली काका-काकू राहतात, सणाला पुरणपोळी वर येते. मग 'नोटीस' हा शब्दच जड वाटतो. पहिल्यांदा तोंडी सांगा, जरूर सांगा. पण सांगितल्यावर संध्याकाळी मेसेज टाका: "काका, सकाळी बोलल्याप्रमाणे स्वयंपाकघरातला स्लॅब कालपासून गळतोय, फोटो पाठवतोय." यात कुणाचा अपमान नाही, आणि तारखेची नोंद राहते. आठ-दहा दिवसांत हालचाल झाली नाही तर कागदावर या.

कलम १४ प्रमाणे नोटीस किमान पंधरा दिवसांची हवी. ती एक भाडेकरू देऊ शकतो, किंवा त्याच दुरुस्तीशी संबंध असलेले सगळे मिळून देऊ शकतात. वाड्यात चार बिऱ्हाडं एकाच छपराखाली असतील तर चौघांनी एकत्र द्या. एकट्याला 'कटकट्या' म्हणून बाजूला काढता येतं, चौघांना नाही. वकील लागतोच असं नाही. साध्या कागदावर इतकं पुरतं:

"विषय: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४ प्रमाणे दुरुस्तीची नोटीस.
महोदय, आपल्या मालकीच्या वरील पत्त्यावरील घरात मी भाडेकरू आहे. भाडे दरमहा … रुपये असून … महिन्यापर्यंत पूर्ण भरलेले आहे. घरात पुढील बिघाड आहेत: स्वयंपाकघराचे छत दिनांक … पासून गळत आहे, त्याच पाण्यामुळे विजेच्या बोर्डात ओल उतरली आहे. फोटो सोबत जोडले आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. तसे न झाल्यास मी ती करून घेईन आणि खर्च कलम १४ प्रमाणे भाड्यातून वळता करीन. आपला गवंडी किंवा वायरमन पाठवायचा असल्यास रोज सकाळी ८ ते १० घर उघडे असेल."

शेवटचं वाक्य गाळू नका. मालकाला आगाऊ कळवून, सोयीच्या वेळी घराची पाहणी करण्याचा हक्क कलम २८ देतं. "आम्ही माणूस पाठवला होता, यांनी दार उघडलं नाही" हे उत्तर त्या एका वाक्याने बंद होतं. भाडं भरलेलं असल्याचं वाक्यही तितकंच मोलाचं आहे.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी पाठवा आणि प्रत व्हॉट्सॲपवरही टाका. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनीही अशीच नोटीस द्यावी. फक्त कलम १४ ऐवजी करारातल्या दुरुस्तीच्या अटीचा क्रमांक घालावा आणि भाडं वळतं करण्याचं वाक्य करारात तशी मुभा असेल तरच लिहावं.

पाव भागाचं गणित

पंधरा दिवस उलटले, वाजवी वेळही गेला, काम झालं नाही. आता कलम १४ तुम्हाला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापायची परवानगी देतं. पण त्याला मर्यादा आहे: एका वर्षात कापायची किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको.

भाडं महिना ८,००० असेल तर वर्षाचे ९६,००० आणि पाव भाग २४,०००. काम या आकड्यात बसवा. दोन-तीन गवंड्यांकडून लेखी अंदाज घ्या, त्यातला वाजवी निवडा आणि काम सुरू करण्याआधी तो मालकाला पाठवा. मग सिमेंट, वॉटरप्रूफिंगचं केमिकल, मजुरी, सगळ्याच्या पावत्या ठेवा. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जाईल आणि तो मालकावर बंधनकारक राहील, असं कायदाच म्हणतो. एवढं मोठं संरक्षण पावती न घेतल्यामुळे हातचं घालवू नका. गवंडी बिल देत नसेल तर मजुरी यूपीआयने द्या आणि वहीच्या पानावर त्याची सही घ्या.

ज्या महिन्यात रक्कम कापाल त्या महिन्यात उरलेलं भाडं वेळेवर बँकेतून पाठवा आणि सोबत हिशेब जोडा. मालक भाडं घ्यायलाच नकार देत असेल तर त्याच्या खात्यात जमा करा. तेही परत आलं तर 'भाडं द्यायला तयार आहे' असं लेखी कळवा. जो भाडेकरू भाडं देतो किंवा द्यायला तयार आहे, त्याला नुसत्या थकबाकीच्या कारणाने काढता येत नाही, असं कलम १५ सांगतं.

तुळई बदलणं, भिंत पाडणं, स्लॅब फोडणं असलं काम स्वतःच्या अंगावर घेऊ नका. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर कलम १६ प्रमाणे तेच घर खाली करायचं कारण ठरू शकतं. गळती थांबवणं, कौलं शाकारणं, पाइप बदलणं, वायरिंग दुरुस्त करणं इथपर्यंत थांबा.

दोनशे रुपये भाडं आणि पडायला आलेला वाडा

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्या घरांकडे येतो. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, गंगावेशीत मातीत बांधलेल्या भिंतींचे वाडे आहेत आणि भाडं महिना दोनशे रुपये. वर्षाचे २,४०० आणि पाव भाग ६००. सहाशे रुपयांत एक खण कौलंही शाकारून होत नाहीत. मालकाचीही अडचण खरी असते. कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळते. दोनशेवर ती आठ रुपये. घरफाळा भरून हातात काय राहतं?

अशा ठिकाणी कलम १४ एकटं पुरत नाही. एकत्र बसणं हाच पहिला मार्ग. सगळ्या बिऱ्हाडांनी आणि मालकाने मिळून इंजिनिअर आणावा, खर्चाचा आकडा काढावा आणि कोण किती देणार ते स्टॅम्पवर लिहावं. मोठ्या सुधारणेच्या खर्चापोटी भाडं वाढवण्याची सोय कलम ११ मध्ये आहे. भाडेकरूंनी तिला आंधळेपणाने विरोध करू नये. महिना पाचशे जास्त देऊन डोक्यावरचं छप्पर शाबूत राहत असेल तर तो सौदा चांगला आहे.

ते जमलं नाही तर महापालिका. तुमच्या भागाच्या विभागीय कार्यालयात (गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी किंवा ताराराणी मार्केट) फोटोंसह लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ प्रमाणे पडण्याच्या स्थितीतली इमारत दुरुस्त करण्याची किंवा उतरवण्याची नोटीस पालिका देऊ शकते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कलम २६५-अ खाली करून घ्यावी लागते.

इथे भाडेकरू बिचकतात. "पालिकेने वाडा पाडला तर आमचा हक्कही जाईल." या भीतीपोटी माणसं टेकू लावलेल्या खोलीत पावसाळा काढतात, आणि हे मला पाहवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, आपल्या शेजारच्या सांगलीतल्याच प्रकरणात, सांगितलं आहे की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही; जमिनीपुरता तो टिकतो. तेव्हा इमारत धोकादायक ठरली असेल तर बाहेर पडा. पण निघण्यापूर्वी आपल्या खोल्यांचं मोजमाप करून नकाशा काढा, फोटो घ्या, पालिकेच्या नोटिशीची प्रत ठेवा आणि "भाडेकरूचे हक्क अबाधित ठेवून जागा खाली करत आहे" असं पत्र मालकाला आणि पालिकेला द्या. दुरुस्तीसाठी मालकाने जागा मागितली, तर परत ताबा कधी मिळणार हे कोर्टातून किंवा लेखी ठरल्याशिवाय किल्ली देऊ नका.

पाणी किंवा वीज तोडली तर

नोटीस मिळाल्यावर काही मालक नळाची चावी फिरवतात. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सांडपाण्याची सोय यातलं काहीही सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. कोर्टात अर्ज केल्यावर अंतरिम आदेश मिळू शकतो आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. विजेच्या स्वतंत्र जोडणीसाठी मालकाचा ना-हरकत दाखला मिळत नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल दाखवा: मालक दाखला देत नाही एवढ्या कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येत नाही.

पंचगंगा घरात आली तर

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. पुरात घर सोडावं लागलं तर त्या दिवसांचं भाडं आपोआप माफ होत नाही. घराचा मोठा भाग पुराने नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ भाडेकरूला करार संपवण्याचा पर्याय देतं. आठवडाभर पाणी साचलं तर त्यात ते बसत नाही. म्हणून पूरपट्ट्यात घर घेताना करारात ओळ घाला: पुरामुळे घर राहण्याजोगं नसेल त्या दिवसांचं भाडं लागणार नाही, आणि पाणी ओसरल्यावर वायरिंगची तपासणी मालक करून देईल. परत आल्यावर ती तपासणी होईपर्यंत मेन स्विच लावू नका. ओल्या बोर्डाचा झटका जीव घेतो. पंचनाम्याला येणाऱ्यांना करार, भाडेपावती आणि रेशनकार्ड दाखवा, म्हणजे तुमच्या सामानाच्या नुकसानीपुढे तुमचं नाव लागेल.

कुणाला इजा झाली तर

आधी दवाखाना, आणि तिथल्या नोंदीत इजा कशी झाली ते लिहून घ्या: "जिन्याचा कठडा तुटून पडले", "छताचा गिलावा डोक्यात पडला". मग पडलेला भाग हलवण्याआधी फोटो. तुम्ही आधी दिलेली नोटीस इथे सगळ्यात जड पडते, कारण मालकाला धोका माहीत होता आणि त्याने काही केलं नाही, हे तिच्यावरून दिसतं. नुकसानभरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात करता येतो. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना माणसांच्या सुरक्षेची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे.

कोर्टात जायची वेळ आली तर

भाडे नियंत्रण कायद्याखालचे वाद कोल्हापुरात दिवाणी न्यायाधीशांच्या न्यायालयात चालतात. करार, भाड्याच्या पावत्या किंवा बँकेचा उतारा, नोटीस आणि तिची पोच, फोटो, इंजिनिअरचा अहवाल, दुरुस्तीची बिलं तारखेच्या क्रमाने लावून न्या. भाडं घेतल्यावर पावती देणं कलम ३१ प्रमाणे मालकाला बंधनकारक आहे. आजवर मागितली नसेल तर या महिन्यापासून मागा.

लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपत आली असेल तर दुरुस्तीच्या वादात तिथे अडून बसू नका. मुदतीनंतर राहिल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. घर सोडा, ताबा दिल्याचं लेखी घ्या आणि डिपॉझिटसाठी वेगळं लढा.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, दिव्यांग, ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले, आणि पूरग्रस्तही, यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. अर्जासोबत ओळखपत्र, उत्पन्नाचा किंवा पंचनाम्याचा दाखला आणि मालकाला दिलेल्या नोटिशीची प्रत जोडा.